पाच बोल्टांवरून सहा बोल्टांवर: पिकअपचे पुढचे हब आणि बेअरिंग

फाळका
मंडळी, सल्ला हवा आहे. माझ्या प्रोजेक्ट पिकअपची कंपनी सांगत नाही, कारण चासी सोडली तर मूळ गाडीचं त्यात फारसं काही उरलेलं नाही. इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या, आणि आता मागचा एक्सल तिसऱ्या. तिथेच घोडं अडलंय.

मागच्या एक्सलला चाकाचे सहा बोल्ट आहेत, पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) १३९.७ मिमी. पुढे मूळचे पाच बोल्ट, पीसीडी तीच १३९.७. म्हणजे पुढची चाकं मागे बसत नाहीत, मागची पुढे बसत नाहीत आणि स्टेपनी दोन बाळगायच्या. गाडी टू व्हील ड्राइव्ह आहे. पुढे साधा स्टब एक्सल (न फिरणारा दांडा), त्यावर दोन टेपर (निमुळत्या) रोलर बेअरिंग, त्यांवर फिरणारा, चाक धरणारा हब, बाहेर नट आणि स्प्लिट पिन. ब्रेक ड्रमचे. टायर ३३ इंची घालायचे आहेत.

डोक्यात आलेले पर्याय:
१. आहे त्याच हबला सहा भोकं पाडून घेणं.
२. पाचाचे सहा करणारा अडॅप्टर.
३. दुसऱ्या पिकअपचा सहा बोल्टांचा डिस्कवाला हब माझ्या स्टब एक्सलवर चढवणं. असा एक जोड माझ्याकडे पडून आहे.
४. हे टेपर बेअरिंगचं लचांडच काढून सीलबंद हब युनिट लावणं.

तुम्ही काय केलं असतं?

रिकामा_वेळ
रुमाल टाकून ठेवतो.

नटबोल्ट_नाना
पर्याय १. पीसीडी तीच आहे, एकच बोल्ट वाढवायचा आहे. त्यासाठी एवढा मोठा धागा?

त्रिज्या
नाना, गणित करून बघा. पाच भोकं ७२ अंशांवर, सहा भोकं ६० अंशांवर. एक भोक दोघांत सामाईक ठेवलं, तर त्याच्या दोन्ही बाजूंना जुनं भोक ७२ वर आणि नवं ६० वर येतं. फरक १२ अंशांचा. १३९.७ च्या वर्तुळावर १२ अंश म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत १४.६ मिमी. स्टडचं भोक १३ मिमी धरलं तर मध्ये उरतं १.६ मिमी लोखंड. आणि हे दोन ठिकाणी.

बरं, सामाईक भोक न ठेवता नवा संच थोडा फिरवून पाहू म्हणाल, तर तेही जमत नाही. कसाही फिरवला तरी कुठल्या तरी जोडीतलं अंतर ६ अंशांच्या आत येतंच, म्हणजे जेमतेम ७.३ मिमी. तिथे भोकं एकमेकांतच घुसतात. पीसीडी वेगळी असती तर उलट सोपं झालं असतं, नवी भोकं वेगळ्या वर्तुळावर गेली असती.

नटबोल्ट_नाना
मग जुनी भोकं वेल्डिंगने भरून घ्यायची.

लेथवर_उभा
नाना, हात जोडतो. असे जुने हब बहुतेक बिडाचे असतात. बीड वेल्ड करायचं तर आधी तापवावं लागतं, नंतर अगदी सावकाश थंड करावं लागतं, आणि एवढं करूनही वेल्डच्या कडेला तडा जाणार नाही याची खात्री नाही. शिवाय तापवल्यावर बेअरिंगच्या कपाची (बाहेरच्या कड्याची) बैठक गोल राहत नाही. चाकाचा बोल्ट जिथे धरतो तिथे हा प्रयोग मी कोणालाच करून देत नाही. पर्याय १ माझ्याकडून बाद.

निळी_बोनेट
अडॅप्टर का नको? बाजारात चांगले मिळतात, एका संध्याकाळचं काम. आमच्या गाडीला बसवलेत, त्रास नाही.

त्रिज्या
@निळी_बोनेट, तुमच्या गाडीला दोन्ही बाजूंची पीसीडी वेगळी आहे की सारखी? सारखी असेल तर अडॅप्टरमध्येही तोच १४.६ मिमीचा पेच येतो. एकाच वर्तुळावर पाच भोकं हबच्या नटांसाठी आणि सहा स्टड चाकासाठी. ते नट अडॅप्टरच्या अंगात पूर्ण बुडायला हवेत, त्यांच्यावर पाना जाईल एवढी जागा हवी, आणि शेजारीच नव्या स्टडची मुळं.

निळी_बोनेट
वेगळी आहे. मुद्दा पटला.

ढोबळमानाने
अडॅप्टरवर माझा आक्षेप दुसरा आहे. चाक बाहेर सरकतं. मूळ रचनेत चाकाचा भार दोन बेअरिंगांच्या मध्ये, तोही आतल्या बेअरिंगच्या जवळ पडेल असं बघितलेलं असतं. आतलं बेअरिंग मोठं आणि बाहेरचं लहान असतं ते त्याचमुळे. चाक ३० मिमी बाहेर नेलं की भाराची रेषा लहान बेअरिंगकडे सरकते. त्यात ३३ इंची टायर, म्हणजे वळणावर बाजूचा जोर लांब दांड्याने हबला पिळणार. स्क्रब रेडियस (चाक ज्या रेषेभोवती वळतं ती आणि टायरचा मध्य यांतलं जमिनीवरचं अंतर) वाढतो, मग खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसके देतं ते वेगळंच. खोल डिशच्या रिमनेही हेच होतं, फक्त तिथे अडॅप्टर दिसत नाही म्हणून कोणी बोलत नाही.

फाळका
१ आणि २ गेले. ३ आणि ४ वर बोला.

चिमटा_आणि_पक्कड
४! सीलबंद युनिट! चार बोल्ट काढा, चार बोल्ट लावा, ग्रीस नाही, प्ले (बेअरिंगमधली मोकळीक) काढणं नाही. आजच्या पिकअप उगाच तसल्या येत नाहीत.

ग्रीसची_बोटं
आजच्या पिकअप तशा येतात कारण असेंब्ली लाइनवर ते झटपट बसतं आणि कामगाराच्या हाताच्या अंदाजावर काही सोडावं लागत नाही. कंपनीसाठी हे उत्तमच आहे. पण प्रोजेक्ट गाडीचा मालक असेंब्ली लाइन नव्हे.

टेपर बेअरिंग आवाज करू लागलं की उघडतो, धुतो, रोलर भिंगाखाली बघतो. निळसर छटा म्हणजे तापलंय, पापुद्रे निघालेत म्हणजे थकलंय, कपावर रोलरच्या अंतराने आडव्या खुणा म्हणजे उभ्या गाडीला धक्के बसलेत. लागलं तर नुसतं बेअरिंग बदलतो. सीलबंद युनिटमध्ये यातलं काही कळत नाही. एक दिवस घूं घूं सुरू होतं आणि अख्खं युनिट भंगारात जातं.

चिमटा_आणि_पक्कड
आणि टेपरमध्ये दर पावसाळी चिखलानंतर उघडून ग्रीस बदलत बसायचं. ज्याला हौस आहे त्याने करावं. मला गाडी चालवायला आवडते.

मधली_लेन
या वादात एक गंमत सांगते. १९९४ पासूनच्या रॅम २५०० आणि ३५०० च्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांना पुढे सीलबंद युनिट येतं आणि लॉकिंग हब (चाक एक्सल शाफ्टपासून सोडवता येणारे हब) नसतात, त्यामुळे पुढचे एक्सल शाफ्ट सतत फिरत राहतात. त्यांचे मालक नेमकं उलटं करतात. युनिट काढून तिथे स्टब एक्सल, दोन टेपर बेअरिंग आणि लॉकिंग हब बसवतात. डायनाट्रॅकचं ‘फ्री-स्पिन’ नावाचं किट याच कामाचं. म्हणजे फाळका यांना जे काढायचंय तेच लोक पैसे मोजून लावतात.

फाळका
हे वाचून हसू आलं आणि थोडं बरंही वाटलं.

सहावा_गिअर
४ चा विचार करणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. फोर व्हील ड्राइव्हच्या गाडीतलं हब युनिट उचलून टू व्हील ड्राइव्हला लावायचं असेल तर नीट बघा. अशा बऱ्याच युनिटमध्ये आतल्या दोन रेस (बेअरिंगची कडी) एकमेकींवर दाबून धरायचं काम एक्सल शाफ्टचा नट करतो. शाफ्ट नाही म्हणजे तो दाब नाही. वर गाडीचं वजन आलं की बेअरिंग सैल पडतं आणि शेवटी हब चाकासकट निघू शकतो. शाफ्ट काढून गाडी नुसती ढकलत नेली तरी युनिट खराब होतं, इथपर्यंत ही गोष्ट गंभीर आहे. लोक रिकाम्या जागी सीव्ही जॉइंटचं कापलेलं टोक घालून त्यावर पूर्ण टॉर्कने नट आवळतात, ते याचसाठी.

सगळ्या युनिटचं असं नसतं. काहींची आतली कड कारखान्यातच वळवून बंद केलेली असते. तुमच्या हातातलं कोणतं आहे हे उघडून पाहिल्याशिवाय बोल्ट लावू नका.

चिमटा_आणि_पक्कड
हे मात्र खरं. आणि टू व्हील ड्राइव्हचं युनिट घेतलं तरी ते बसवायला तसा नकल (स्टिअरिंगबरोबर वळणारा, हब धरणारा भाग) लागणार. म्हणजे ४ हा फक्त हबचा प्रश्न राहत नाही, बॉल जॉइंट आणि टाय रॉडपर्यंत जातो. माझा हट्ट मागे.

रिकामा_वेळ
चिमटा यांनी हट्ट मागे घेतला! या दिवसाची नोंद व्हावी. (ह. घ्या.)

लेथवर_उभा
चला, ३ वर येऊ. फाळका, तुमच्याकडच्या सहा बोल्टी हबमधले बेअरिंग काढा, त्यांवरचे नंबर वाचा. मग स्टब एक्सलवरच्या दोन्ही बैठकी मायक्रोमीटरने मोजा, व्हर्नियरवर भागवू नका. ते आकडे इथे टाका. तोपर्यंत सगळ्या गप्पा हवेत.

फाळका
घ्या.
हबमधलं आतलं बेअरिंग: कोन (रोलर असलेलं आतलं कडं) एलएम १०२९४९, कप एलएम १०२९१०.
बाहेरचं: कोन एल ६८१४९, कप एल ६८११०.
माझा स्टब एक्सल: आतली बैठक ४१.२६ मिमी, बाहेरची ३१.७४.
आतला कोन माझ्या स्टबवर चढवला तर खुळखुळ वाजतो. बुश बनवून घालू का?

लेथवर_उभा
बुश अजिबात नको! आकडे बघून मी खुर्चीत उडालो.

एलएम १०२९४९ चं आतलं माप ४५.२४२ मिमी, त्याच्या कपाचा बाहेरचा व्यास ७३.४३१. आता एलएम ५०१३४९ बघा. आतलं माप ४१.२७५, आणि त्याच्या एलएम ५०१३१० कपाचा बाहेरचा व्यासही ७३.४३१. दोन्हींची जोडून जाडी सारखीच, १९.५५८ मिमी.

बाहेरचं: एल ६८१४९ चं आतलं माप ३४.९८८, कप ५९.१३१. एलएम ६७०४८ चं आतलं माप ३१.७५०, आणि त्याचा एलएम ६७०१० कप? ५९.१३१. जाडी दोन्हींची १५.८७५.

म्हणजे हबला हात न लावता दोन्ही बेअरिंग बदलली की आतून तुमचा स्टब, बाहेरून नवा हब. एक पथ्य पाळा, कप आणि कोन दोन्ही बदला. बाहेरचा व्यास सारखा म्हणून जुन्या कपात नवा कोन घालणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. उताराचा कोन दोन्ही मालिकांत सारखा नसतो, रोलर एका कडेवरच टेकतो.

त्रिज्या
वा! हे लग्न वरूनच जुळून आलं होतं.

ग्रीसची_बोटं
अवांतर: हेन्री टिमकेन हा घोडागाड्या बनवणारा माणूस. टेपर रोलर बेअरिंगचं पेटंट त्याने १८९८ मध्ये मिळवलं. गाडी सरळ जाताना वरचं वजन आणि वळताना बाजूचा रेटा, दोन्ही एकाच बेअरिंगने झेलावेत हा प्रश्न त्याच्यासमोर गाड्यांमुळेच आला. सगळ्या रोलरच्या उताराच्या रेषा वाढवल्या तर धुरीवर एकाच बिंदूत मिळतात, त्यामुळे रोलर घसटत नाही, नुसता लोळतो. फाळका यांच्या हबमध्ये आजही तेच तत्त्व आहे.

नटबोल्ट_नाना
घोडागाडीवरून आठवलं, ३३ इंची टायर घातल्यावर स्पीडोमीटर कमी दाखवेल हो. तेही बघा.

सहावा_गिअर
नाना, एका वेळी एक चाक.

मधली_लेन
आनंदाच्या भरात एक गोष्ट राहिली. व्यास जुळले, पण लांबीचं काय? नव्या हबमध्ये दोन कपांच्या मधलं अंतर आणि तुमच्या स्टबवर दोन बैठकींच्या मधलं अंतर हे दोन वेगळे आकडे आहेत. हब लांब असेल तर बाहेरचा कोन घासलेल्या गुळगुळीत बैठकीवरून सरकून आट्यांच्या बाजूला लोंबकळेल. हब आखूड असेल तर नट आट्यांच्या शेवटी जाऊन टेकेल आणि बेअरिंग आवळलंच जाणार नाही. दोन्ही वेळा हाताने फिरवताना सगळं झकास वाटतं.

ढोबळमानाने
+१. आणि ऑइल सील. हे नेहमी शेवटी आठवतं. सीलचा बाहेरचा व्यास नव्या हबचा लागेल, आतला व्यास जुन्या स्टबचा. दोन्ही गाड्यांच्या पार्ट नंबरने मागाल तर दोन्ही चुकीचे मिळतील. आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी अशा तीन आकड्यांनी सील मागा. स्टबवर जिथे सीलची कड घासते तिथे नख अडकेल एवढी खाच पडली असेल तर पातळ पोलादी स्लीव्ह चढवून घ्या, नाहीतर नव्या सीलमधूनही ग्रीस गळून ब्रेकवर जाईल.

फाळका
लांबी मोजतो. दरम्यान, चाकाच्या मधल्या भोकाबद्दल कोणी सांगेल का? हबचं नाक (मधला पुढे आलेला भाग) रिममध्ये शिरत नाहीये.

निळी_बोनेट
हे मला येतं! ६×१३९.७ सगळीकडे सारखं वाटतं, पण मधलं भोक प्रत्येकाचं वेगळं. हायलक्स १०६.१ मिमी, इसुझू डी-मॅक्स १००, फोर्ड रेंजर टी-६ ९३.१, जनरल मोटर्सच्या सहा बोल्टी पिकअप ७८.१, मित्सुबिशी ६७.१. तुमचा रिम लहान भोकाचा आणि हब मोठ्या नाकाचा असणार. उलटं असतं तर सेंटरिंग रिंग घालून भागलं असतं. इथे रिमचं भोक लेथवर मोठं करावं लागेल किंवा दुसरे रिम घ्यावे लागतील. हबचं नाक मात्र घासू नका, डिस्क त्याच्यावरच मध्यात बसते.

नटसुद्धा बघा. काही स्टड एम १२ × १.५, काही एम १४ × १.५. आणि नटाचं तोंड तिरकं की सपाट हे रिमवर ठरतं.

रिकामा_वेळ
मी रुमाल टाकून गेलो होतो, परत आलो तर इथे पदविका अभ्यासक्रम सुरू झालाय.

फाळका
मोजमाप झालं. नवा हब २.३ मिमी लांब भरतोय. म्हणजे आतलं बेअरिंग स्टबच्या खांद्याला टेकवलं तर बाहेरचा कोन मूळ जागेपेक्षा २.३ मिमी बाहेर बसतो. बाहेरची गुळगुळीत बैठक मात्र लांब आहे, कोन बसल्यावरही आट्यांच्या बाजूला थोडी उरते. नटाच्या आट्या पूर्ण पकडतात. अडचण एकच, स्प्लिट पिनचं भोक नटाच्या खाचांच्या थोडं आत राहतं.

मधली_लेन
कोन पूर्ण बैठकीवर आहे ना? मग अर्धी लढाई जिंकलात. पिनसाठी नटाखालचा वॉशर पातळ करता येतो, पण त्याची आतली जीभ स्टबच्या खाचेत बसणारी हवी. ती जीभच नटाला बेअरिंगबरोबर फिरू देत नाही.

लेथवर_उभा
वॉशर पातळ करायच्या आधी दुसरा मार्ग बघा. साधा सहा कोनी नट आणि त्याच्यावर पत्र्याची खाचांची टोपी, पिन टोपीच्या खाचेतून. ही टोपी नटावर वेगवेगळ्या कोनांत बसते, त्यामुळे प्ले बारीक साधता येतो. खाचा वॉशरच्या जवळ येतात, त्यामुळे तुमच्या पिनचं भोकही त्यात येण्याची शक्यता जास्त. पिनशिवाय, नुसत्या लॉक-नटावर मात्र हा हब सोडू नका.

ग्रीसची_बोटं
बसवताना:

कप हबमध्ये सरळ बसला पाहिजे. प्रेस नसेल तर जुन्या कपाचा बाहेरचा व्यास ग्राइंडरने थोडा कमी करून तोच ठोकणी म्हणून वापरा. तळाला टेकला की आवाज बदलतो, तो कानाला कळतो.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ (घट्टपणाचा दर्जा). जुन्या गाडीतलं दुसऱ्या जातीचं ग्रीस पूर्ण धुऊन काढा. लिथियम आणि पॉलियुरिया एकत्र आले की पातळ होऊन वाहू शकतात. बेअरिंग तळहातावर घासून रोलरच्या दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. हबची पोकळी मात्र गच्च भरायची नाही. धुतलेलं बेअरिंग हवेच्या नळीने फिरवून वाळवणारे लोक असतात, तो आवाज त्यांना आवडतो. तो आवाज कोरडे रोलर आणि पिंजरा खराब होत असल्याचा असतो.

मग हब फिरवत फिरवत नट साधारण ६० ते ७० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतील. नंतर पूर्ण सैल करून बोटाने टेकवा. डायल गेज लावून हब आत-बाहेर हलवून बघा. ०.०३ ते ०.१३ मिमी प्ले ठीक. स्टब ज्या गाडीचा आहे तिच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो प्रमाण.

चिमटा_आणि_पक्कड
टॉर्क रेंचने ६० लावून तसंच पिन ठोकणारे मेकॅनिक बघितलेत. थोड्याच अंतरात हबवर हात ठेवता येत नाही. चाचणीला निघाल्यावर थोडं अंतर जाऊन चारही हबचं तापमान तपासा. डावं-उजवं यात मोठा फरक दिसला तर थांबा. ब्रेक न लावता गाडी थांबवून बघा, नाहीतर डिस्कच्या उष्णतेला बेअरिंगची समजाल.

फाळका
टोपीचा उपाय जमला. पिनचं भोक बरोबर खाचेत आलं. सील तीन आकड्यांनी मागितल्यावर लगेच मिळालं. दोन्ही हब बसवून प्ले ०.०५ वर ठेवला आहे, हब मऊ फिरतात. रिमची भोकं मोठी करायला दिली आहेत.

आता नवीन शंका. डिस्क आली खरी, पण ती जुन्या ड्रमच्या पाठीच्या प्लेटपासून बरीच आत बसते आणि माझ्या नकलवर कॅलिपरसाठी (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागासाठी) कान नाहीत. ड्रमची प्लेट जिथे बसते त्या चार बोल्टांवर १२ मिमी पत्र्याचं ब्रॅकेट करून चालेल का?

ढोबळमानाने
कॅलिपर एका पिस्टनचा, सरकणारा आहे की दोन्ही बाजूंनी पिस्टनचा? ते चार बोल्ट कोणत्या ग्रेडचे? मास्टर सिलिंडर अजून ड्रमचाच आहे का? त्यात ड्रमसाठीचा शेष-दाब धरणारा व्हॉल्व्ह असेल तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतील.

लेथवर_उभा
आणि ब्रॅकेटचं चित्र टाका, मापांसह. ब्रेकसाठी वेगळा धागा काढा, इथे नाना परत वेल्डिंगवर येतील.

नटबोल्ट_नाना
आलोच होतो.